अधिक चार

डेक उलटा करायच्या आधी मी तबकडी काढते,
मग तिच्या तळचा चुंबक, मग स्क्रू:
चहाच्या बशीत, निघाले त्याच क्रमाने.
रबराचा तळ जड असतो,
गाढ झोपलेलं मूल उचलावं
तसा दोन्ही हातांनी उचलावा लागतो.

हा डेक इलिदियो फोर्तेसचा.
रॉटरडॅमच्या पश्चिमेला, डेल्फ्सहाफनमध्ये,
केप व्हर्दच्या माणसांची तीस वर्षांत जेवढी लग्नं झाली
त्यांतली निम्मी याच्यावर नाचली, असं तो सांगतो.
उरलेली निम्मी, म्हणे, नीट नाचलीच नाहीत.

तक्रार साधी.
पिच स्लायडर शून्यापाशी आला की सूर गचका खातो,
उंबऱ्याला ठेच लागलेल्या व्याह्यासारखा.
"फवारा मार, वित्स्के, आणि दे. नवा पार्ट नको."
मारला. दोनदा.
सोमवारी बरा, गुरुवारी पुन्हा तेच.
फवारा म्हणजे खोकल्यावर खडीसाखर.

आज शेवटी डाख वितळवून तारा सोडवल्या
आणि पत्र्याची ती अरुंद पेटी उघडली.
आत सिगारेटची राख,
कुणाच्या तरी झग्यावरची चंदेरी टिकली,
नवरानवरीवर उधळलेल्या तांदळाचा एक दाणा,
आणि जुन्या मधासारखं घट्ट झालेलं ग्रीस.

खाली कार्बनची काळी पट्टी.
शून्यापाशी थोडी खरवडलेली. ते ठरलेलंच,
तिथे खाच असते, सगळे तिथूनच निघतात.
पण अधिक चारपाशी
काळं पार उडून तपकिरी पाया उघडा पडला होता.
इतकी एकाच जागी झिजलेली पट्टी
मी आजवर पाहिली नव्हती.

मी विचारलं. वाटलं, आता काहीतरी ऐकवेल,
रक्तातला ठेका, बेटावरचा वारा वगैरे.

"हॉल एक वाजता बंद व्हायचा," तो म्हणाला.
"शेवटची बस एक वीसला.
पहाटे पाचला निम्म्या वऱ्हाडाची गोदीवर पाळी.
आणि प्रत्येकाच्या आईचं गाणं वेगळं.
चार टक्के पळवलं
की पाच तासांत तीन गाणी जास्तीची बसतात.
लोकांना वाटायचं, इलिदियोचा हात गरम आहे."

नवा स्लायडर लोण्यासारखा सरकतो.
शून्यावर खाच नसलेलाही मिळतो,
हल्लीची पोरं तोच मागतात.
मी दोन्ही त्याच्यापुढे ठेवले.
त्याने डोळे मिटून अंगठा फिरवला.
"खाच हवी. हिरवा दिवा मला आता
पाण्यात पडल्यासारखा दिसतो.
बोटाला तरी कळू दे, घर आलं."

मग तारा, डाख, धूर, स्क्रू.
तबकडीच्या कडेला ठिपक्यांच्या चार रांगा,
त्यांच्यावर लाल उजेड.
शून्यावर एक रांग थांबायला हवी.
मी आतलं बारीक पेच केसभर फिरवलं,
रांग आधी पुढे रांगली, मग मागे,
मग गरागरा फिरणाऱ्या कडेवर
जागच्या जागी उभी राहिली.
वीस वर्षं हेच काम करते मी,
तरी या क्षणी माझा श्वास थांबतोच.

रेकॉर्ड त्यानेच आणली होती. लावली.
पहिलं कडवं होईपर्यंत मान कलती करून ऐकत राहिला.
"ही बाई आजारी आहे का?"
"ती अशीच गायली आहे, इलिदियो. हा तिचा खरा वेग.
आता हॉल नाही, बस नाही. राहू दे शून्यावर."
"खरा वेग," तो म्हणाला,
जशी कुणी त्याच्या बायकोची चुकीची जन्मतारीख सांगितली असावी,
आणि त्याचा अंगठा सरकला.
खाच टिचकन सुटली. दोन. तीन. सव्वातीन.
चार.
ठिपके पळायला लागले.
"हं. आता उठून बसली."

बिलात लिहिलं: स्लायडर एक, डावा.
उजवा पुढच्या महिन्यात, पेन्शन आली की.
नव्या पट्टीवर पहिला ओरखडा कुठे उठणार
ते मला आजच ठाऊक आहे.

तो गेल्यावर बशीत डोकावले.
स्क्रू एकही उरला नव्हता.
तांदळाचा दाणा होता.